हवेच्या नळीतली कुंभारीण

जहाज धुणारी बाई म्हणून आमच्या कारंजा गावात आजबी मले ओळखतात अन् हसतात. हसा बापा. समुद्रातलं जहाज आमच्या बापजाद्यानं पाह्यलं नाई, मी धुतलं ते उडतं जहाज होतं. लढाई लागायच्या आधीची गोष्ट हाये. लढाई लागली तसं सरकारनं ते नेलं अन् माहं कामबी गेलं.

जहाज होतं धाकल्या मालकांचं. त्यांचं कापसाचं जिनिंग होतं, अन् शेती किती होती हे त्यांचं त्यांनाच माहीत नसन. थोरले मालक वारले होते. घरात बाईसाहेब, म्हणजे मालकांची आई, अन् मालकांची बायको. तिले आमी सारे वहिनी म्हणत होतो. मालकाले पयलेपासून मशिनीचं वेड. नागपुरात जाऊन उडवायले शिकले अन् येताना एक लहानसं, दोन माणसांचं जहाजच घेऊन आले. कामरगावच्या रस्त्याले त्यांचं माळरान होतं, ते सपाट करून घेतलं. बाजूले सरकी ठेवायचं गोदाम होतं, ते रिकामं केलं अन् जहाज त्यात घातलं. गोठ्यात हत्ती बांधावा तसं ते दिसे.

लोकाले वाटे जहाज लोखंडाचं असन. मलेबी तसंच वाटे. तं ते निघालं कापडाचं! लाकडाच्या कामट्या, त्याच्यावर ताणून बसवलेलं कापड, अन् कापडावर एक उग्र वासाचं रोगण. त्या रोगणानं कापड असं तट्ट होई की टिचकी मारली तं ढोलकीवानी वाजे. पत्रा म्हणाल तं नुसता तोंडापाशी, इंजिनाच्या झाकणाले. वर एक पंख, खाली एक पंख, मधात खांब अन् तारा.

पयल्यांदा ते जिनिंगच्या गड्यांनी धुतलं. मालक म्हणे, "जहाज धुवा," अन् निघून गेले. गड्यांनी पोळ्याचा बैल धुतात तसं धुतलं. बादल्या फेकल्या, नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासलं, अन् तोंडाच्या पत्र्याले राख अन् चिंच लावली, तांब्यावानी चमकन म्हणून. एक बहाद्दर तं पंखावर चढला. पाय आरपार. पत्रा काळा पडला, शेपटीचं कापड फाटलं, अन् मालक डोक्याले हात लावून बसले. करायले गेले गणपती अन् झालं माकड.

मंग नागपूरहून मिस्त्री आला. म्हातारा माणूस, दाढी मेंदीनं लाल केलेली, बोलणं हळू. त्यानं फाटलं ते शिवलं, वरून पट्टी चिकटवली, रोगण मारलं, अन् मालकाले म्हणे, "साहब, ये घिसनेवालों का काम नहीं. कोई कपडा समझनेवाली औरत देखो."

अशी मी आली. आमचं घर रंगाऱ्याचं. लुगडं हातात घेतलं की सूत कोणतं, रंग पक्का की कच्चा, किती पिळलं तं टिकन अन् किती पिळलं तं फाटन, हे बोटालेच समजे. पण मले धाडलं ते हुशार म्हणून नाई. सासूले मी घरात नको होती. त्या साली माही पोरगी तापानं गेली होती. नुकती चालायले शिकली होती. ती गेली अन् मले काहीच वाटेनासं झालं. रडू येईना, भूक लागेना, कोणी शिवी देल्ली तरी राग येईना. रंगाच्या हंड्यापाशी बसली तं बसूनच राहे, रंग करपला तरी उठत नसे. सासू म्हणे, "ही तं दगड झाली वं माय." घरवाला म्हणे, "होईन ठीक." मंग जहाजाचं काम निघालं तशी सासू म्हणे, "जा, धू ते." मी गेली. विहिरीत उडी मार म्हटलं असतं तं तशीबी गेली असती.

मिस्त्री पंधरवडाभर होता. त्यानं मले सारं दाखवलं. जहाज उन्हात कधी धुवायचं नाई, सावलीत घ्यायचं, अंग गार होऊ द्यायचं. आधी नुसत्या पाण्यानं धूळ भिजवून उतरवायची, मंग कापड लावायचं. कोरडं पुसलं की धूळच कानसीवानी घासते. समोर वारा अडवायले काच असते तशी पारदर्शक तावदानं होती, त्याइले तं कोरडा हात लावणंच गुन्हा. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर मले फाडून देल्लं. सोडा बंद, राख बंद, चिंच बंद. मी म्हटलं, रेशमाले आमी रिठ्याचं पाणी घेतो. त्यानं वास घेतला, पोटाखालच्या एका कोपऱ्याले लावून दोन दिवस पाह्यलं, मंग म्हणे, "चलेगा, मगर पतला."

पोटाले इंजिनाचं तेल सांडलेलं राहे. ते पेट्रोलच्या बोळ्यानं टिपायचं, चोळायचं नाई, अन् तो बोळा गोदामाच्या बाहेर नेऊन टाकायचा. बिडीवाला माणूस दिसला की मिस्त्री काठी घेऊन धावे. पंख्याले, म्हणजे तोंडावरच्या लाकडी फिरकीले, हात लावायच्या आधी मालकाले विचारायचं, अन् तिच्या समोर कधी उभं राह्यचं नाई. पंखाच्या खालून बारीक बारीक छिद्रं होती, आत गेलेलं पाणी गळायले. ती चिखलानं बुजली तं आत लाकूड सडन, म्हणून काडीनं मोकळी ठेवायची. पत्र्याले शेवटी मेण, तेबी नखाएवढं.

माह्या हातात काचेच्या बांगड्या. मिस्त्रीनं पाह्यलं अन् म्हणे, "बेटी, ये उतारो, कपडा काटेगी." मी हात मागं घेतला. नवरा जिता असताना बांगड्या कशा उतरवू? त्याले समजलं बिचाऱ्याले. त्यानं आपल्या खांद्यावरचा रुमाल फाडला अन् मले देल्ला. मी बांगड्यांवरून तो गुंडाळला अन् कामाले लागली. तेव्हापासून रोज तसंच.

अन् एक गोष्ट त्यानं लय वेळा सांगतली. दोन पंखांच्या मधात जो बाहेरचा खांब होता, त्याच्यावर बोटाएवढी नळी होती, तोंड समोर. त्यात वारा शिरे अन् मालकापुढच्या काट्यावर वेग दिसे. त्या नळीवर लाल कापडाची टोपी घालून ठेवायची, माती अन् किडा जाऊ नये म्हणून. उडायच्या आधी टोपी काढायची. नळीत कधी फुंकायचं नाई, काट्याचं आतलं नाजूक असते. काही अडकलं तं आत ढकलायचं नाई, बाहेर ओढायचं. मिस्त्री म्हणे, त्याच्या ओळखीचा एक साहेब टोपी काढायची विसरून वर गेला. उतरताना वेग किती कमी झाला हे समजलंच नाई, अन् पंखानं हवेचा हात सोडला. मी विचारलं, "मंग?" मिस्त्री म्हणे, "मंग क्या. गिरा."

मिस्त्री गेला. मी रोज येई, धुई, पुसे अन् घरी जाई. बरं होतं ते काम. त्यात बोलायचं नव्हतं कोणाशी. जहाजाचं अंग पुसता पुसता डोक्यात काहीच येत नसे, अन् मले तेच पायजे होतं.

अशी दोन-तीन सालं गेली. त्या साली भादवा सरत आला होता. एका सोमवारी मी ती लाल टोपी धुतली अन् दोरीवर वाळू घातली. जहाज बाहेर सावलीत होतं. तेवढ्यात कुंभारीण आली. मातीची घरं करणारी माशी, कंबर अशी बारीक की दोऱ्यानं आवळल्यावानी. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन ती सरळ त्या नळीपाशी गेली. मी फडकं हलवलं. गेली अन् फिरून आली. मी पुन्हा फडकं उचललं, तं मागून ओरडणं आलं:

"अवं थांब! हाकलू नोको तिले!"

बाईसाहेब होत्या. दर सोमवारी महादेवाच्या देवळातून येताना त्या घटकाभर माळावर टेकत. मागं वहिनी पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. बाईसाहेब मोठ्या अंगाच्या, गुडघे दुखणाऱ्या. पण त्या दिवशी अशा तरतर चालत आल्या की मी बाजूले झाली. नळीपुढं त्यांनी हात जोडले.

आता हे आमच्याकडे सारेच मानतात. कुंभारीण घरात घर करायले लागली की त्या घरात कोणाले तरी दिवस जाणार. तिचं घर मोडायचं नाई. लांब केलं तं पोरगा, गोल केलं तं पोरगी, असंबी म्हणतात बाया. अन् वहिनीच्या लग्नाले लय वर्षं झाली होती, पण कूस काही उजवली नव्हती. नवस झाले, वैद्य झाले, दर्ग्यावर चादर चढवून झाली. त्या उन्हाळ्यात बाईसाहेबांनी मनाशी पक्कं केलं होतं की मालकांचं दुसरं लग्न करायचं. किन्हीराजा गावाकडच्या एका जमीनदाराची पोरगी नजरेत होती. दसरा झाला की मालकांनी जाऊन पाह्यची, एवढंच राह्यलं होतं. हे साऱ्या कारंज्याले माहीत होतं, वहिनीलेबी.

बाईसाहेब वहिनीकडे वळल्या. "माह्या पोराच्या जहाजात कुंभारीण आली. याच्यापेक्षा मोठी खूण कोणती पायजे? ही घर करन, पिल्लू मोठं होईन, घर फोडून उडून जाईन. तोवर मी किन्हीराजाचं नाव काढत नाई. तोवर तुह्या पदरात पडलं तं पडलं. नाई तं मंग मले बोल लावू नोको."

वहिनींनी ताट खाली ठेवलं अन् त्याबी नळीपुढं हात जोडून उभ्या राह्यल्या.

मी म्हटलं, "बाईसाहेब, मिस्त्री म्हणे नळी मोकळी पायजे."

"मिस्त्रीले काय समजते घरातलं? उडवू नये तोवर. एवढं काय?"

सांजेले मालक आले, त्यांना मी सांगतलं. ते नळीत वाकून हसले. आईचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. म्हणे, "राहू दे. पावसाचे दिवस हायेत, उडायची काय घाई?" मोठा शहाणा माणूस. माह्या मनात आलं, बाबा, बायको तुही, घर तुहं, अन् फैसला माशीच्या हाती!

कुंभारणीनं नळीचं तोंड लिंपून टाकलं. वहिनी मंग रोज येऊ लागल्या. दुपारी जेवणं झाली की पायी पायी यायच्या, संग कोणी नाई. स्टुलावर चढून त्या मातीकडे पाहात उभ्या राहायच्या. बोट लावत नसत. मी माहं काम करे. एक दिवस त्या म्हणे, "तुह्या घरी केलं होतं काय वं हिनं कधी?"

"हाव. चौकटीवर."

"मंग?"

"मंग पोरगी झाली."

त्यांचं तोंड असं उजळलं की मले पाह्यवेना. पोरगीचं पुढं काय झालं हे त्याइले माहीत होतं. त्या आल्या होत्या भेटायले तेव्हा. कुंभारीण खोटं बोलत नाई. पण पुढचं सांगत नाई.

दसरा जवळ आला अन् नसती अडचण उभी राह्यली. दर दसऱ्याले मालक जहाज घेऊन गावावरून चक्कर मारत अन् वरून झेंडूची फुलं टाकत. लोक गच्च्यांवर चढून वाट पाहात. बायका लेकरांले कडेवर घेऊन उभ्या राहात. एखाद्या साली फेरी झाली नाई असं झालं नव्हतं. नवमीले शस्त्रांची पूजा असते, तशी जहाजाची पूजा करायले सारे माळावर आले. बाईसाहेबांनी इंजिनाले हळद वाहिली, पंखावर हळदकुंकवाची बोटं ओढली. मी मनात म्हटलं, ओढा, उद्या घासायले मी हाये. रंगाऱ्याच्या घरची मी. हळद सुतात शिरली की काय होते ते मले विचारा.

बाईसाहेब म्हणे, "उद्या फेरी झाली पायजे. लोक काय म्हणतीन? पण ह्या घराले धक्का लावू नोको."

मालकांनी पंखाच्या तारेले बोट लावून पाह्यलं. मंग म्हणे, "ठीक हाये. काट्याशिवाय उडवीन. तारांच्या आवाजावरून वेग समजते."

"समजते ना?"

"समजते. बहुतेक."

ते बहुतेक मी ऐकलं. वहिनींनीबी ऐकलं. पूजा झाली, सारे टांग्याकडे निघाले, तशा वहिनी मागं राह्यल्या. माह्यापाशी येऊन हळूच म्हणे, "त्या नळीनं काय होते? खरं सांग."

मी सांगतलं. वारा कसा शिरते, काटा कसा चालते, उतरताना वेग कसा पाहा लागते. मिस्त्रीच्या साहेबाचं सांगतलं. माह्या आवाजात काही नव्हतं. भाकरी कशी थापावी हे सांगावं तसं सांगतलं. वहिनींनी सारं ऐकून घेतलं अन् टांग्यात जाऊन बसल्या.

दसऱ्याच्या दिवशी मी उजाडता उजाडता आली, हळदीचे डाग काढायले. तं गोदामाचं दार उघडं. वहिनी आत होत्या. स्टूल खांबापाशी नेलेलं होतं, अन् त्या बाजूले भुईवर बसल्या होत्या, नवं लुगडं मातीत. डोये लाल. रात्रभर झोपल्या नसतीन.

म्हणे, "कसं काढतात ते सांग."

मी म्हटलं, "वहिनी, तुमी घरी जा. मी काढतो. म्हणीन, माहा हात लागला."

"तुले हाकलतीन."

"हाकलू द्या. मले काय फरक पडते?"

खरंच पडत नव्हता. मी काही मोठं मन करून बोलली नाई. काम गेलं तं गेलं, राह्यलं तं राह्यलं, असंच होतं तेव्हा माहं. वहिनी माह्याकडे पाहात राह्यल्या.

"तुले फरक पडत नाई म्हणूनच तुह्या हातून नोको," त्या म्हणे. "मले पडते. मीच काढीन."

त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला अन् सरळ केला. मी स्टूल धरलं. म्हटलं, आत ढकलू नका, कडेकडेनं खरवडा अन् बाहेर ओढा. फुंकू नका. त्या करत गेल्या. माती वाळून कडक झाली होती, बारीक बारीक तुकडे पडत होते. मी खाली फडकं धरलं होतं. त्या एकेक तुकडा निवांत सोडवत होत्या. मी विचार केला, ह्या बाईनं कधी सुईत दोरा ओवायलेबी घाई केली नसन.

वरची माती निघाली अन् आतून हिरव्या अळ्या निघाल्या. कुंभारीण त्या आणून भरते, पिल्लाले खायले. आकड्याच्या टोकाले एकेक येऊन फडक्यावर पडली. वहिनी म्हणे, "मेल्या हायेत?" मी वाकून पाह्यलं. मेल्या नव्हत्या. कुंभारीण त्याइले डंख मारून ठेवते, तशा त्या जित्या राहातात, पण हलत नाई. एकीले मी बोट लावलं. ती जराशी आखडली अन् पुन्हा तशीच पडली. मी ते फडकं धरून उभी होती, अन् मले माहं घर आठवलं, हंड्यापाशी बसलेली मी आठवली.

शेवटी आतून एक पांढरा बारीक दाणा आला, तांदळाच्या कणीएवढा. पिल्लू होतं काय, अंडं होतं काय, मले सांगता येत नाई. वहिनींनी तो बोटावर घेतला. लय वेळ पाह्यला. मंग मले म्हणे, "नळी पाह्य. साफ झाली काय?"

मी डोळा लावून पाह्यलं. साफ होती. मी म्हटलं, "हाव."

त्या खाली उतरल्या, बाहेर गेल्या, बोरीच्या झाडाखाली तो दाणा ठेवला अन् हात पुसले. मंग स्टुलावर बसून अंबाडा नीट केला, पण आकडा वाकडा झाला होता, तो काही बसेना.

मालक फुलांच्या टोपल्या घेऊन आले. जहाजाभोवती फिरून त्यांनी सारं तपासलं, तसे ते दरवेळी तपासत. नळीपाशी आले अन् थांबले. माह्याकडे पाह्यलं. मंग वहिनीकडे, वहिनीच्या लुगड्यावरच्या मातीकडे. त्याइले समजलं. माणूस काही मूर्ख नव्हता. मले वाटलं आता काहीतरी बोलन. ते म्हणे, "बरं केलं," अन् चढून बसले.

मले राग आला. लय दिवसांनी आला, पोटातून आला. बरं केलं म्हणे! तिनं आपलं घर आपल्या हातानं खरवडून काढलं, अन् ह्याले दोन शब्द सुचले! मी फडकं असं पिळलं की माह्याच बोटाले कळ लागली.

फेरी झाली. फुलं पडली. गावात आरडाओरडा झाला, तो माळापरेंत ऐकू आला. जहाज परत आलं, हळूहळू उतरलं, अन् मालक हसत खाली आले. बाईसाहेब ओवाळायले आल्या होत्या. ओवाळून झालं तशा त्या नळीपाशी गेल्या, कुंभारणीले हळद वाहायले.

"घर कुठी गेलं?"

त्यांनी माह्याकडे पाह्यलं. मी तोंड उघडणार तं वहिनी पुढं झाल्या. "मी काढलं, आत्याबाई. काटा चालला नसता तं हे पडले असते."

बाईसाहेब मालकाकडे वळल्या. "खरं हाये?"

मालक म्हणे, "पडलो असतो असं नाई. पण पडू शकलो असतो."

बाईसाहेब तशाच खाली बसल्या, मातीत. हातातली हळदीची वाटी लवंडली. मंग त्यांनी वहिनीले जवळ ओढलं अन् तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. रडत होत्या. म्हणे, "माह्या एकुलत्या एका पोराचा जीव राखला वं माय तू. तुह्यासारखी सून दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाई." अन् डोये पुसून त्याच दमात म्हणे, "पण देवानं आपली खूण माघारी घेतली. आता थांबून काय उपयोग? दिवाळीच्या आधी तो पोरगी पाहून येईन."

बाईसाहेब वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगून राह्यली. त्यांना दोन्ही खरं वाटत होतं, अन् दोन्ही एकाच तोंडातून आलं. ज्याचं जळते त्यालेच कळते म्हणतात. पण त्या दिवशी माळावर दोघींचंही जळत होतं, अन् मालक तेवढे चष्मा पुसत उभे होते.

जायचा दिवस ठरला. किन्हीराजाकडच्या जमीनदारानं आपलं एक पीक काढलेलं वावर मोकळं करून देल्लं होतं, जहाज उतरवायले. आदल्या दिवशी मी जहाज पुसलं. पंखाच्या समोरच्या कडेले मेलेल्या माश्या चिकटतात, त्या भिजवून भिजवून काढल्या. तावदान धुतलं. पत्र्याले मेण लावलं. पंखाखालची छिद्रं पाह्यली. नळीवर टोपी घातली अन् दोरी दोनदा ओढून पाह्यली. काम चांगलं झालं होतं. माह्या हातून वाईट झालं असतं तं मले बरं वाटलं असतं, पण हात ऐकत नाई.

सकाळी मालक आले, नवा कोट घातलेला. मागून टांगा आला. त्यातून वहिनी उतरल्या, अंगावर जरीचं लुगडं, हातात खण-नारळाची पिशवी. मले वाटलं पिशवी द्यायले आल्या. तं त्या सरळ जहाजापाशी गेल्या अन् मालकाले म्हणे, "मीबी येईन. पोरगी मीच पाहीन."

मालक चमकले. "तू? अवं पण आई—"

"आत्याबाईले विचारलं. हो म्हणाल्या."

मालक चमकले त्याचं कारण असं की वहिनी आजवर त्या जहाजात कधी बसल्या नव्हत्या. मालकांनी जिनिंगच्या मुनिमाले नेलं, तहसीलदाराले नेलं, शाळेच्या हेडमास्तराले नेलं. वहिनीले नाई. बाईसाहेबांचा हुकूम होता. न जाणो दिवस गेले असतीन अन् आपल्याले अजून समजलं नसन, वर नेऊन धक्का बसला तं? दर महिन्याले हेच. अशी सारी वर्षं ती बाई माळावर उभी राहून वर पाहात होती. अन् आता बाईसाहेब हो म्हणाल्या होत्या.

मालक मागच्या जागेवर जाऊन बसले, ती उडवणाऱ्याची जागा. पुढची जागा रिकामी होती. मी स्टूल लावलं. वहिनीले सांगतलं, पाय फक्त ह्या काळ्या पट्टीवर ठेवा, बाकी कापड हाये. त्यांनी बरोबर ठेवला. आत बसल्या, पिशवी पायापाशी ठेवली, पदर कानामागून घट्ट बांधून घेतला. मी पट्टा काढला. तो पोटावरून येई अन् मधात बकलानं अडके. मिस्त्रीनं मले शिकवलं होतं बांधायचं.

पट्टा पोटावर आणला अन् माहा हात आपोआप थांबला. सवय असते बायकाइले. मी म्हटलं, "वहिनी, जरासा सैल ठेवू काय?"

त्यांनी खाली पोटाकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"कायले वं?" त्या म्हणे. "घट्ट बांध."

मी घट्ट बांधला.